आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : लिथियमची गोळी ‘संपली’ म्हणता, तेव्हा रुग्णाच्या मेंदूत काय होतं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

याच आठवड्यात नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवरून बायपोलर आजाराच्या (कधी मेनिया म्हणजे अतिउत्तेजना, कधी डिप्रेशन) रुग्णांना लिथियम न देता परत पाठवलं गेलं. केसपेपरवर गोळीच्या नावापुढे ‘उपलब्ध नाही’ असं लिहून दिलं आणि तोंडी सांगितलं, “बाहेरून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात या.” लिथियमची लेव्हल, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण मोजणारी तपासणी, तिथल्या प्रयोगशाळेत आधीपासूनच होत नाही. म्हणजे औषध नाही आणि ज्यांच्याकडे औषध शिल्लक आहे त्यांची तपासणीही नाही. तीही ऐन मे महिन्यात, नागपुरात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८, पोटकलम १० प्रमाणे आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी आरोग्य संस्थेत, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. ‘साठा असेल तेव्हा’ अशी सूट कायद्यात नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. पण खिडकीत गोळीच नसेल, तर मोफत काय मिळालं?

महिनाभर गोळी चुकली तर एवढं काय बिघडतं, असं आपल्या कार्यालयातल्या कुणाला वाटत असेल. म्हणून सविस्तर लिहिते.

लिथियम हा सोडियमच्याच घराण्यातला क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला आणि इतक्या वर्षांनंतरही बायपोलर आजार दीर्घकाळ ताब्यात ठेवण्यासाठी त्याच्या तोडीचं औषध क्वचितच सापडतं. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याचं नाव सर्वात वर घेतलं जातं. सोडियम ज्या वाटांनी मेंदूच्या पेशीत शिरतं, त्याच वाटांनी लिथियमही आत जातं आणि तिथे मुख्यतः दोन एन्झाइमांना आवर घालतं. एक इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज. त्याचा वेग मंदावला की पेशीच्या आतली उत्तेजनेची निरोप-साखळी थंडावते. दुसरं जीएसके-३. हे पेशींच्या टिकण्या-मरण्याशी आणि झोप-जागेच्या दैनिक घड्याळाशीही जोडलेलं आहे. मेनियात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, पैसे उधळतो, कुणाचं ऐकत नाही, तो या बिघाडाचा भाग आहे. त्याचे संस्कार किंवा स्वभाव त्याला जबाबदार नाहीत.

हे सगळं एका गोळीत घडत नाही. मेनिया उतरायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला सोबत दुसरं औषध द्यावं लागतं. आणि हळूहळू सावरलेला मेंदू अचानक उघडा पडला, तर पहिल्या काही महिन्यांतच आजार उसळून येण्याचा धोका सर्वाधिक असतो, बहुतेकदा मेनियाच्या रूपाने. डॉक्टर स्वतः लिथियम बंद करतात तेव्हा डोस किमान चार आठवडे, शक्य तर तीन महिने हळूहळू उतरवतात. आपल्या खिडकीने तेच औषध एका दुपारी बंद केलं. कोणताही मानसोपचारतज्ज्ञ असं बंद करणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही खास आमच्या विदर्भाची आहे. लिथियमचं विघटन यकृतात होत नाही. ते जवळपास पूर्णपणे मूत्रपिंडातून बाहेर जातं आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. घामातून मीठ-पाणी गेलं की शरीर सोडियम राखून ठेवायला लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. डोस तोच, गोळ्या त्याच, रक्तातली पातळी मात्र चढत जाते. नियमित उपचारात ही पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तीव्र मेनियात १ च्या आसपास. १.५ ओलांडलं की विषबाधा समजायची. उपयोगी आणि विषारी यांच्यात एवढंच अंतर आहे. पारा ४५ च्या वर गेलेला, माणूस बांधकामावर किंवा बाजारात दिवसभर उभा, त्यात कुणी रक्तदाबासाठी मीठ तोडायला सांगितलेलं किंवा थायाझाइड गटाची लघवीची गोळी सुरू केलेली, आणि कंबर दुखते म्हणून मेडिकल स्टोअरमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलेलं. या प्रत्येक गोष्टीने लिथियम वाढतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, मीठ अचानक तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ही चार वाक्यं मराठीत छापलेलं एक कार्ड औषधासोबत द्यायला किती खर्च येतो?

पातळी चढली की हाताची बारीक थरथर मोठी होते, कपातला चहा सांडायला लागतो. मग उलट्या, जुलाब, जड जीभ, तोल जाणं, गुंगी. उन्हाळ्यात असा माणूस कॅज्युअल्टीत आला की पहिला अंदाज उष्माघाताचा असतो, दुसरा दारूचा. सलाइन लागते, ती लागायलाच हवी. पण घरचे “मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत” म्हणून सांगत असतात, आणि कोणत्या गोळ्या हे विचारलंच जात नाही. लिथियम मेंदूतून सावकाश निघतं. रक्तातला आकडा उतरला तरी मेंदूतली विषबाधा मागे राहते. डायलिसिस केल्यावरसुद्धा ते पेशींतून पुन्हा रक्तात येतं, म्हणून काही तासांनी परत तपासावं लागतं. उशीर झाला तर लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मग आयुष्यभर चालताना झोक जातो आणि बोलणं अडखळतं. ज्या औषधाने माणूस उभा राहिला, त्याच औषधाने तो अधू होतो, तेही एका रक्ततपासणीअभावी.

ही तपासणी अवघडही नाही. सोडियम-पोटॅशियम मोजणारं फ्लेम फोटोमीटर लिथियमही मोजू शकतं, आणि इलेक्ट्रोलाइट अॅनालायझरच्या कित्येक मॉडेलना लिथियमचा इलेक्ट्रोड बसतो. लागतं ते प्रशिक्षण आणि शिस्त. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. पाच तासांनी घेतलं तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस उतरवतात आणि रुग्ण पुन्हा आजारी पडतो. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवस थांबूनच मोजायचं, त्याआधीचा आकडा स्थिर नसतो. आणि नळी! हिरव्या झाकणाच्या बऱ्याच नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर लिथियम कधीही न घेतलेल्या माणसाच्या रक्तातही लिथियम सापडतं. त्यासाठी साधी लाल झाकणाची नळी हवी. रक्त घेणाऱ्या प्रत्येक टेबलावर हे ठळक अक्षरांत चिकटवलेलं असायला पाहिजे. लेव्हलसोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी, कारण लिथियम दोन्हीकडे हळूहळू त्रास देऊ शकतं.

लिथियम नसलं की हमखास हातात पडतं ते सोडियम व्हॅलप्रोएट. औषध चांगलं आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते सहज देण्यासारखं नाही. गर्भारपणात घेतल्यास साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांना वाढीच्या व शिकण्याच्या अडचणी येऊ शकतात. पंचविशीतल्या मुलीला ‘हे घे, ते संपलंय’ म्हणून व्हॅलप्रोएट दिलं जातं, तेव्हा हे तिला कोण सांगतं? गोदामातला तुटवडा तिच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

लिथियमबद्दल एवढं लिहिलं म्हणून बाकी औषधांचं ठीक चाललंय असं समजू नये. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं औषध. ते क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पूर्वीचा डोस लगेच देता येत नाही, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. तीन दिवस गोळी नाही म्हणजे कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. डिप्रेशनच्या गोळ्यांचं वेगळं. एस्सिटालोप्रॅमसारखं औषध सिरोटोनिन हे मेंदूतलं निरोप-रसायन परत ओढून घेणारा पंप काही तासांतच अडवतं, पण पेशी स्वतःच्या सिरोटोनिनला जो लगाम घालते तो सैल व्हायला आठवडे जातात. मन उभारी धरायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. सात दिवसांच्या गोळ्या देऊन ‘संपल्या की या’ म्हटलं, तर गडचिरोलीहून दुसऱ्यांदा येण्याइतके पैसे नसलेला माणूस गुण येण्याआधीच सोडून देतो. मग त्याच्या केसपेपरवर ‘उपचार अर्धवट सोडले’ असा शेरा पडतो. सोडायला लावलं कुणी?

आणि घरचे लोक? मेनिया उसळला की रात्र-रात्र जागायचं, दाराला आतून कुलूप लावायचं, त्याने कुणाकुणाकडून उसने घेतले ते फेडत बसायचं, डिप्रेशनमध्ये विळी-कात्री आणि गच्चीची किल्ली लपवायची. नोकरीवर रजा मागताना खरं कारण सांगता येत नाही. हे सगळं आम्ही नातेवाईक करतो आणि करत राहू. पण गोळी आम्ही बनवू शकत नाही, लेव्हल आम्ही मोजू शकत नाही. शासनाने कायद्याने घेतलेली एवढीच जबाबदारी आहे, आणि तीच पार पडत नाही.

तुटवडा का होतो, हेही सांगते, कारण दर वेळी ‘पुरवठ्यातील अडचणी’ एवढंच उत्तर मिळतं. मागणीपत्र मागच्या वर्षीच्या खपावर भरलं जातं. वर्षातले चार महिने गोळी नव्हती, तर त्या चार महिन्यांचा खप शून्य दिसतो. पुढच्या वर्षी मागणी तेवढीच कमी जाते, साठा आणखी लवकर संपतो, खप आणखी कमी दिसतो. कागदावर लिथियमची गरजच घटत जाते. परत पाठवलेल्या रुग्णांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. त्यात मनोरुग्णालय आपल्या विभागाचं, ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही नागपुरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. रुग्ण एकच, शहर एकच, पण एका इमारतीत साठा असला तरी दुसरीकडे न्यायला मंत्रालयातून फाइल फिरावी लागते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, तो चांगला आहे, पण त्यावरून सल्ला मिळतो, गोळी मिळत नाही. कायद्याच्या कलम ३१ ने मानसिक आरोग्याचं पुरेसं मनुष्यबळ उभं करायला दहा वर्षं दिली होती. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, जनजागृतीचे फलक लागतात. जागृत होऊन माणूस खिडकीपर्यंत आला, आता पुढचं काम आपलं आहे.

आमचं मागणं असं. विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियम ३०० मिलिग्रॅम आणि ४०० मिलिग्रॅम एसआर (शरीरात हळूहळू सुटणारी गोळी) यांचा किमान तीन महिन्यांचा राखीव साठा ठेवावा, आणि तो एक महिन्यावर आला की स्थानिक खरेदीचा अधिकार आपोआप अधीक्षकांना मिळावा. नागपुरातल्या दोन्ही विभागांच्या रुग्णालयांनी एकमेकांना साठा द्यावा, त्यासाठी एक संयुक्त आदेश पुरे आहे. लिथियम लेव्हल मोफत आणि त्याच दिवशी मिळावी. मार्च ते जून कॅज्युअल्टीत तोल जाणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘लिथियम चालू आहे का’ हा प्रश्न विचारणं सक्तीचं करावं. औषधाविना परत गेलेल्या रुग्णाची नोंद ठेवावी आणि मागणीपत्रात ती धरावी. कलम १८ प्रमाणे जिल्ह्यात सेवा मिळाली नाही तर दुसरीकडच्या उपचारांचा खर्च शासनाने द्यायचा असतो. ज्यांनी या आठवड्यात बाहेरून गोळ्या घेतल्या, त्यांच्या पावत्या कुठे जमा करायच्या, ते खिडकीवर लिहून लावावं.

नागपुरात जूनचा पहिला आठवडाही तापलेलाच असतो. उत्तर त्याआधी, लेखी हवं आहे.

आपली,
एक औषधनिर्माती (फार्मासिस्ट) आणि रुग्णाची नातेवाईक,
नागपूर