तपकीर गल्लीत जाण्याआधी

स्टुटगार्ट,
११ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथे रविवारी दुकानं कडकडीत बंद असतात, त्यामुळे पत्राला सवड आहे. परवा फोनवर मी नव्या कॉम्प्युटरबद्दल सांगत होते, तुम्ही तीनदा "हो हो, समजलं" म्हणालात आणि मागून आई हसली, तेव्हाच कळलं की काही समजलेलं नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. पिंट्याला प्रिंट काढायला सांगा आणि तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाताना खिशात ठेवा.

आधी एक नक्की करू. घरातला कॉम्प्युटर बंद पडलेला नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट अजून वर्षभर मिळतात, पण पुढे काय हा प्रश्न उरतोच. आपला प्रोसेसर आय३-७१००, म्हणजे इंटेलची सातवी पिढी, आणि विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढचेच स्वीकारतं. मी विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून दिलं असतं, पण सोसायटीचा हिशेब टॅलीत आहे आणि ते विंडोजवरच चालतं. खजिनदारपद सोडायला तुम्ही तयार नाही, तेव्हा तो विषय संपला.

शेजारचे काका म्हणतात, लॅपटॉप घ्या. काकांचं अगदीच चूक नाही. गुरुवारी लाइट गेली की लॅपटॉप दोन-चार तास चालतो. आपला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत टी-टी करत मान टाकतो. विजेचंही आहे. मॉनिटर धरून डेस्कटॉप साठ-सत्तर वॅट घेतो, लॅपटॉप पंधरा-वीस. रोज पाच तास धरले तर महिन्याला सातेक युनिटांचा फरक. लॅपटॉपबरोबर बहुतेक वेळा विंडोज येतं, जोडलेल्या मशिनला ते वेगळं विकत घ्यावं लागतं. हा खर्च लोक हमखास विसरतात आणि मग "असेंबल केलेलं किती स्वस्त पडलं" म्हणून मिरवतात.

पण बाबा, तुम्हाला आधीच स्पाँडिलायटिस आहे. चौदा इंची पडद्यात मान घालून ताळेबंद बघणार का? आणि तुमचा लॅपटॉप टेबलावरून हलणार कुठे आहे? मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. बिघडली फक्त बटणं, पण कीबोर्ड वरच्या सांगाड्यालाच ठोकून बसवलेला, म्हणून सगळा वरचा भाग बदलावा लागला. रॅम, म्हणजे मेमरी, मदरबोर्डावर झाळलेली, ती वाढवण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या कीबोर्डवर चहा सांडला तर शंभर पावलांवरच्या दुकानातून दुसरा येईल. (आणि तो सांडणारच. आईला विचारा.)

मी इथून आणू का, असं तुम्ही हळूच विचारलंत. येताना एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो हे खरं, पण इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी बसलेले असतात. तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये न बघता मराठी टाइप करता, तुमचं निभेल. पासवर्ड टाकताना आई मला फोन करेल. शिवाय इथली वॉरंटी पुण्यात चालेलच असं नाही.

माझं मत असं: पेटी तीच ठेवा, आतलं बदला. दिवाळीच्या सुमारास रॅमचे भाव चढायला लागले ते थांबलेच नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांना इतकी मेमरी लागते आहे की कारखान्यांचा माल तिकडेच वळतो. आज कोरं मशीन जोडायला गेलात तर त्यातच पैसे जातील. आपल्या जुन्या मशिनात डीडीआर४ जातीच्या रॅमची आठ जीबीची पट्टी आहे ना, ती आता सोन्याची समजा. म्हणून डीडीआर४ घेणाराच बोर्ड पाहिजे. दुकानदार "अंकल, आता डीडीआर५ चा जमाना आहे" म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नका. एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) ए५२० किंवा बी५५० बोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, एवढंच मागा. त्यातलं "जी" महत्त्वाचं. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातल्याशिवाय पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये हीच गंमत "एफ" अक्षराची, तो स्वस्त दिसतो म्हणून भुलू नका. प्रोसेसर डब्यातलाच घ्या, सुटा ट्रेचा नको.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र नवा घ्या, नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॅटचा. आपला कॅबिनेटबरोबर फुकट आला होता, आणि फुकट आलेला एसएमपीएस कधीतरी बोर्डालाही सोबत घेऊन जातो. बाकी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क. आठ जीबीची दुसरी पट्टी वाजवी मिळाली तर घ्या, नाहीतर तूर्त एकीवर भागेल. मॉनिटर, माउस, सगळं जुनं चालेल.

स्कूटर नेऊ नका, गाडी लावायला जागा शोधण्यात तास जाईल. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदला, मंडईला उतरा, तपकीर गल्ली तिथून चालत. बिल पक्कंच घ्या, सिरियल नंबरांसकट. कच्च्या बिलावर जीएसटी वाचवाल, पण वॉरंटीच्या वेळी तो माणूस तुम्हाला ओळखणार नाही. नवा बोर्ड ५६००जी ओळखतो का, हे तिथेच चालू करून दाखवायला सांगा. जुन्या बायोसचा (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा) बोर्ड माथी मारला तर घरी डोकं धरून बसाल.

जोडणी पिंट्यासोबत घरीच करा. परम ८००० ची गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! अमेरिकेनं महासंगणक दिला नाही, तेव्हा सी-डॅक या सरकारी संस्थेनं तिथे पुण्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकांना जोडून १९९१ मध्ये तो उभा केला. मग आपल्याला एक बोर्ड बसवता येऊ नये? प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता सोडा, तो आपल्या वजनानं बसतो. दाबायचं नाही, एएम४ च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि एकदा वाकल्या की सुईनं सरळ करत बसावं लागतं. कॅबिनेटच्या मागची, केबलींच्या भोकांची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी लावा. मी पहिल्यांदा विसरले होते, सगळं खोलून पुन्हा केलं, आणि दादानं ते वर्षभर ऐकवलं.

पिंट्याला इंजिनीअरिंगला होस्टेल मिळालं तर त्याला लॅपटॉपच घ्या. त्याला हे मशीन देऊन वाटेला लावू नका.

शनिवारी जोडायला बसाल तर तुमचे साडेसात म्हणजे माझे दुपारचे तीन, मी व्हिडिओवर असेन. चालू करून पडद्यावर काही आलं नाही तर घाबरू नका, आधी रॅमची पट्टी काढून टक आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

आणि जुनी हार्डडिस्क दुकानदाराला "ठेवून घ्या" म्हणून देऊ नका. दादाच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीचा सगळा हिशेब तिच्यातच आहे. साटाची केबल लावली की ती नव्या बोर्डालाही चालेल.

आईला बुधवारचा तिळगूळ माझ्या वाटणीचाही खायला सांगा.

तुमची,
धाकटी