आत्याला मी सांगितलंय

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर चार पानं भरतील आणि मूळ गोष्ट राहून जाईल. रविवारी मी आत्याला फोन करून बाबांना पार्किन्सन्स आहे हे सांगितलं. संध्याकाळी काकालाही. आई, पत्र लगेच बाजूला ठेवू नकोस. बाबा, तुम्ही रागावणार हे मी धरूनच चाललेय. पण तुमचा राग हल्ली चेहऱ्यावर दिसत नाही, तेव्हा फोनवर मोठ्यांदा रागवा. तेवढाच आवाजाचा व्यायाम.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई म्हणते "अगं, मजेत आहोत", मी म्हणते "मीपण", मग पाच मिनिटं पोह्यांवर बोलून आपण ठेवून देतो.

लोकांना सांगायचं ते मानेचं दुखणं आता पुरे झालं. लग्नाला गेलो नाही, कारण मान. सानंद संस्थेचं नाटक चुकवलं, मान. रंगपंचमीची गेर, ती मिरवणूक, बघायला राजवाड्यावर नाही, तर तीही मान! दिवाळीत फोटो काढताना तो मुलगा "काका, थोडं हसा ना" म्हणत राहिला आणि नंतर कुणीतरी विचारलं, मामा रागावलेत का? आपण तिघांनी एका सुरात सांगितलं, डोळ्यांवर ऊन आलं होतं. दिवाळीत, संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर! आठवलं की मला अजून हसू येतं आणि मग येत नाही.

पण मी ठरवलं ते फोटोमुळे नाही. आत्या राहायला आली होती तेव्हा सिंडोपाच्या, म्हणजे बाबांच्या पार्किन्सन्सच्या गोळ्यांच्या, स्ट्रिप शेवेच्या रिकाम्या डब्यात गेल्या, डबा वरच्या फळीवर गेला, आणि तिच्यासमोर नको म्हणून दुपारची गोळी टळली. संध्याकाळचीही उशिरा. रात्री बाथरूमच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय जमिनीला चिकटले, पुढे उचलेनात, मागे येईनात. आई, तू एकटी त्यांना धरून उभी राहिलीस. पलीकडच्या खोलीत सख्खी बहीण झोपली होती, तिची झोप मोडेल म्हणून हाक मारली नाहीस. हे तू मला बोलण्याच्या ओघात सांगितलंस आणि लगेच भेंडीचा भाव सांगायला लागलीस.

आत्या काय म्हणाली माहीत आहे? आधी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग रडायला लागली. "मला वाटलं, दादा वाड्याच्या वाटणीवरून अजून रुसलाय. नातवाचे फोटो दाखवले तर ढिम्म. मी परत जाताना गाडीत रडले." बाबा, ते फोटो तुम्ही मला नंतर किती कौतुकाने वर्णन करून सांगितले होतेत! कान कुणावर गेलेत, हनुवटी कुणाची. ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, आत काय चाललंय ते बाहेर उमटत नाही. आणि आपण कारण सांगत नाही म्हणून लोक त्यांना सुचेल ते कारण लावतात. समोरचे काका हल्ली फाटकातूनच परत जातात, ते उगाच नाही.

शिवाय लपलंय कुठे? जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते जेमतेम सहा माणसांवरून. त्यांतली काही तर त्याला लंडनच्या रस्त्यात दिसलेली, चालण्यावरून ओळखलेली. इंदूरच्या लोकांनाही डोळे आहेत, बाबा. हात खिशात घातला तरी खिसा हलतो. आणि कुणी बघेल या ताणानेच तो जास्त थरथरतो, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय.

मिल बंद पडली तेव्हाचे दिवस मला आठवतात. डबा घेऊन तुम्ही ठरल्या वेळी निघायचात. ते आजीसाठी होतं, मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी चकार शब्द बोलणार नाही. आपलं घर त्यावर तरलं. पण तेव्हा घरी आलात की दार लावून तुम्ही मला पाठीवर घ्यायचात, गाल फुगवून मारुती व्हायचात, आणि मी हसून हसून उचकी लागेपर्यंत थांबायचा नाहीत. बाहेरच्यांसाठी एक चेहरा आणि आमच्यासाठी एक, दोन्ही तुमच्या ताब्यात होते. आता नाहीत. यात तुमचं काही कमी झालेलं नाही. हालचालींना लागणारं डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी, हात थरथरायला लागायच्या आतच, बऱ्याचशा गेलेल्या असतात. वास तर पुष्कळदा त्याच्याही आधी जातो. जीरावण मसाल्याला पूर्वीचा वास राहिला नाही म्हणून तुम्ही छावणीतल्या त्या दुकानदाराशी भांडला होतात, तो बिचारा निर्दोष होता.

आता हुकूम ऐका.

सिंडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, घड्याळ लावून, कोण बसलंय ते न बघता. वरण, पनीर, दूध गोळीबरोबर नको, प्रथिनं गोळीला अडवतात. आई, तूप-भात चालतो, तेवढ्यासाठी मन मारू नकोस. मनाने गोळी बंद करायची नाही, एक दिवसही नाही. खाजकुहिलीचं चूर्ण कुणी दिलं तर आधी डॉक्टरांना विचारा, तिच्यातही सिंडोपातलंच औषध, लेव्होडोपा, असतं. बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. पाय अडले की पट्टी ओलांडायची, आई "एक-दोन" म्हणेल. बैठकीतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर. नई दुनियाचा अग्रलेख रोज खणखणीत वाचायचा, शेजारी ऐकू गेला तरी. सोमवारपासून फिजिओथेरपीवाला मुलगा येईल. पैशांचं त्याच्याशी बोलू नका, ते झालंय.

बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला, त्यात पेनचा दोष नव्हता. अक्षर बारीक होत जातं, तुमच्या राखीच्या पाकिटावर माझं आडनाव मुंगीएवढं झालं होतं. मी पुढच्या महिन्यात येतेय, नवी नमुना सही देऊ.

वैशाखातल्या मुंजीला आपण तिघं जाणार आहोत. काकूला सांगितलंय की बाबांना पंगतीत नाही, टेबलावर बसवा, आणि चमच्याचं कुणी बोलायचं नाही. झब्बा शिवायला टाकू नका. मी इथून आणतेय, वरून बटणं दिसतील, आत वेलक्रो आहे. आई, तुझी ती जांभळी पैठणी बाहेर काढ, मान धरल्यापासून तूही कुठे गेलेली नाहीस.

आत्या शनिवारी सकाळी येतेय. चिवडा ती आणणार आहे, तू करायला बसू नकोस. आणि ती समोर असताना माझा फोन आला आणि तू "सगळं उत्तम" म्हणालीस, तर मी फोन आत्याला द्यायला लावीन.

तुमची,
चिमी