चित्र मुलाने काढलं की खेळण्याने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर ‘मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या’ खेळण्यांच्या जाहिराती सुरू होतात, आणि मी लहान मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते त्यामुळे पालक दरवर्षी विचारतात की मॅडम यातलं कुठलं घेऊ. एकेकाला सांगण्यापेक्षा तुमच्या पेपरमधून सगळ्यांनाच सांगावं म्हणून हे पत्र.

सध्या सगळ्यांना हवा असतो तो ड्रॉइंग प्रोजेक्टर. छोटंसं टेबल, वर दिवा, आत चित्रांच्या गोल चकत्या, बटण दाबलं की कागदावर हत्ती नाहीतर मासा उमटतो आणि मुलाने तो नुसता गिरवायचा. आईबाबा खूश, कारण हत्ती अगदी हत्तीसारखा. पण मूल ते करताना जरा शेजारी बसून बघा. त्याच्याच हाताची सावली चित्रावर पडते, मग ते मान वाकडी करून जिथे दिसेल तिथून रेघ ओढतं, आधी शेपटी मग मधेच कान मग परत पाय, आणि दिवा बंद केला की कागदावर तुटक तुटक रेघा असतात, कान डोक्याच्या पुढे आहे की मागे हे त्याला सांगता येत नाही कारण तो प्रश्न त्याला पडलेलाच नसतो. यापेक्षा वाईट म्हणजे तेच मूल दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसलं की म्हणतं, मला नाही येत. कालपर्यंत हेच मूल डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं बिनधास्त काढत होतं हो!

ती हातपाय फुटलेली डोकी, त्या गोल गोल रेघोट्या म्हणजे चुका नाहीत. अमेरिकेत रोडा केलॉग नावाच्या बाईंनी लहान मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली आणि त्यातून २० मूळ रेघोट्या वेगळ्या काढल्या, ठिपका, आडवी रेघ, उभी रेघ, नागमोडी, गोल अशा. मूल याच रेघोट्यांमधून पुढे माणूस, सूर्य, घर सगळं उभं करतं. हा टप्पा गाळून त्याच्या हातात तयार हत्ती दिला तर त्याला काय मिळालं?

म्हणून मी एकच बघायला सांगते, रेघ कुठे न्यायची हे कोण ठरवतंय, मूल की खेळणं. एच-अ-स्केच घ्या. फ्रान्समधल्या आंद्रे कासान्य या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यातून निघालेलं हे खेळणं १९६० पासून बाजारात आहे. काचेला आतून ॲल्युमिनियमची पूड चिकटलेली असते, डावं बटण फिरवलं की काचेमागचं टोक आडवं सरकतं, उजवं फिरवलं की उभं, आणि ते जिथून जाईल तिथली पूड खरवडली जाऊन रेघ दिसते. जिना सहज जमतो, तिरकी रेघ काढायला मात्र दोन्ही बटणं एकदम फिरवावी लागतात आणि गोल काढताना तर मोठ्यांनाही घाम फुटतो. पण त्या धडपडीत मूल कळत नकळत शिकतं की तिरकी रेघ म्हणजे थोडं आडवं आणि थोडं उभं. स्पायरोग्राफही असाच, दातेरी कड्यात दातेरी चाक ठेवायचं आणि चाकाच्या भोकात पेन घालून ते फिरवत नक्षी काढायची. ९६ दात्यांच्या कड्यात २४ दात्यांचं चाक फिरवलं तर ४ पाकळ्या, ३६ चं फिरवलं तर ८, का ते मुलालाच शोधू द्या, शाळेतला लसावि इथे कामाला येतो. हाताने चित्र काढणं त्यातून येत नाही हे खरं, पण नक्षी कशी बनते ते कळतं.

एलसीडी पाटीबद्दलही विचारतात, म्हणजे काडीने रेघा काढायच्या आणि बटण दाबून पुसायच्या त्या सेलवरच्या पाटीबद्दल. कागद वाचतो, घाण होत नाही, प्रवासात बरी पडते, मान्य. पण बहुतेक स्वस्त पाट्यांमध्ये बटण दाबलं की सगळंच पुसलं जातं, नुसता नाकाचा भाग खोडून सुधारता येत नाही, आणि मागच्या महिन्यात काय काढलं होतं ते बघायलाही काही उरत नाही. माझं म्हणणं, पाटी द्या पण सोबत पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठाही द्या आणि प्रत्येक चित्रामागे तारीख टाकून ठेवा. आणि त्या पाटीत बटण सेल, म्हणजे नाण्यासारखा छोटा चपटा सेल असतो! मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते बघूनच घ्या, आयएसआय मार्कही बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांना सक्तीचा आहे.

प्रोजेक्टर आधीच घरात आला असेल तर फेकू नका. चित्र थोडा वेळ दाखवा, मुलाला नीट बघू द्या, सोंड कुठून सुरू होते, पाय किती दिसतात असं विचारा, मग दिवा बंद करा आणि आठवून काढायला सांगा. पुढे एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला स्मरणचित्र असतं तेव्हा हीच सवय कामाला येते. हत्ती वाकडा येईल, येऊ दे, तो त्याने बघून काढलेला असेल.

तुमच्या पुरवणीत दिवाळीआधी भेटवस्तूंचं पान येतं, त्यात या खेळण्यांच्या किमती आणि फोटो असतात. यंदा प्रत्येक खेळण्यापुढे मुलाने नक्की काय करायचं असतं, गिरवायचं की स्वतः काढायचं, एवढी एक ओळ छापाल का?

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका, सांगली