मुलांच्या अंतर्गळाचे ऑपरेशन लांबवू नये

महोदय,

तासगाव तालुक्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो : अंतर्गळाचे (हर्नियाचे) ऑपरेशन दुर्बिणीतून केले, तर पोराच्या गोटीची (वृषणाची) वाढ खुंटणार नाही ना? बहुधा आजीच तो विचारते. वडील संकोचाने गप्प असतात.

ही शंका अवाजवी नाही. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरताना सोबत आलेली अस्तराची पिशवी बंद व्हायची राहून गेली, की मुलांना अंतर्गळ होतो, म्हणजे आतडे त्या पिशवीत उतरून जांघेत फुगवटा येतो, आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी याच पिशवीला चिकटून जातात. जांघेत छेद घेऊन ऑपरेशन करताना त्या पिशवीपासून अलगद सोडवाव्या लागतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पिशवीचे तोंड पोटाच्या आतून टाक्याने बंद करतात आणि या नाजूक वाहिन्या पडद्यावर स्पष्ट दिसत असल्याने टाका त्यांना टाळून नेता येतो. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सोनोग्राफीने वृषणाचा आकार व रक्तपुरवठा मोजलेल्या अभ्यासांत, वेळेवर केलेल्या ऑपरेशनचा वाढीवर कायमचा दुष्परिणाम सहसा आढळलेला नाही. वृषण सुकण्याचा धोका दोन्ही पद्धतींत असतो, पण तो फार थोडा.

खरा धोका दिरंगाईत आहे. अंतर्गळात आतडे अडकले, की वृषणाचा रक्तपुरवठाही दाबला जातो आणि ऑपरेशनपूर्वीच वृषणाला इजा होऊ शकते. एक वर्षाखालील बाळांत ही भीती सर्वाधिक, आणि नेमके त्यांच्याच बाबतीत ‘द्राक्षांचा हंगाम उरकू दे, मग बघू’ असे म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. अंडकोशात नुसते पाणी साचले असेल, तर ते पहिल्या एक-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप जिरते. अंतर्गळ जिरत नाही. फुगवटा कडक झाला, बाळ सारखे रडू लागले किंवा हिरवट उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता सर्जन असलेले रुग्णालय गाठावे.

ऑपरेशननंतरच्या तपासणीकडे मात्र आपल्याकडे दुर्लक्ष होते. जखम भरली, की पालक येत नाहीत आणि त्यांना कोणी बोलावतही नाही. क्वचित वृषण नंतर वर ओढले जाते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर दोन्ही वृषणांची जागा व आकार लिहावा, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाहावे, तसेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडी व शाळेतील तपासणीत अशा मुलांची नोंद ठेवावी, अशी सांगली जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक फॅमिली डॉक्टर, तासगाव (जि. सांगली)