गिटइग्नोर समजावणाऱ्या दादाला जाहीर थँक्यू

दादा,
तू कंपनी सोडलीस तेव्हा गडबडीत बोलणंच झालं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. तो जुना प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला तेव्हा त्यात अख्खं नोड मॉड्यूल्स (बाहेरून डाउनलोड होणाऱ्या लायब्रऱ्यांचं फोल्डर) कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये, टाकलेलं, मॅकवाल्यांच्या डीएस स्टोअर फायली, बिल्डचा कचरा, आणि वर पासवर्डवाली सेटिंगची फाइल डॉट ईएनव्हीपण. गंमत म्हणजे गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने कुठल्या फायली घ्यायच्या नाहीत त्या यादीत, ही सगळी नावं नीट लिहिलेली होती! जो तो म्हणे गिट गंडलंय, रिपो (प्रोजेक्टचं गिटमधलं भांडार) परत क्लोन कर, म्हणजे नव्याने उतरवून घे.

तू फक्त विचारलंस, "फाइल आधीच ट्रॅक झालीये का?" म्हणजे गिटच्या नोंदीत आधीच आहे का. गिटइग्नोर ट्रॅक न झालेल्या फायलींनाच लागू होतं, एकदा आत घुसलेलीला नाही, हे तोवर कोणी धड सांगितलंच नव्हतं. मग गिट आरएमला कॅश्ड लावायचं, म्हणजे फाइल इंडेक्समधून, गिटच्या नोंदीतून, जाते पण आपल्या डिस्कवर राहते. आणि खरं थँक्यू पुढच्यासाठी आहे, पुश करायच्या (बदल सगळ्यांच्या रिपोवर चढवायच्या) आधी तू ग्रुपवर मेसेज टाकायला लावलास की बाबांनो पुल करण्याआधी (ते बदल आपल्याकडे खेचण्याआधी) आपापल्या ईएनव्हीची कॉपी काढून ठेवा, कारण माझ्याकडे ती राहिली तरी बाकीच्यांकडे पुल केल्यावर उडते. हे नसतं कळलं तर अर्ध्या टीमने मला धुतलं असतं.

पासवर्डबद्दल तर तू काही ऐकूनच घेतलं नाहीस. जुन्या कमिटमध्ये तो दिसणारच, त्यामुळे आधी पासवर्ड बदल, हिस्टरी साफ करायचं नंतर बघू.

गिट चेक-इग्नोरला डॅश व्ही लावलं की कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीमुळे अमुक फाइल अडली ते कळतं, हे आता मी पण सगळ्यांना सांगत फिरते. लॉग्स फोल्डर पूर्ण इग्नोर केला की आतली गिटकीप (रिकामा फोल्डर टिकावा म्हणून ठेवलेली फाइल) उद्गारचिन्ह लावून अपवाद केला तरी परत येत नाही, कारण गिट त्या फोल्डरात डोकावतच नाही, लॉग्स स्लॅश स्टार लिहावं लागतं, ते पण तिथूनच सापडलं.

फक्त एक पटलेलं नाही. डीएस स्टोअरसारखा ज्याच्या त्याच्या मशीनचा कचरा ज्याने त्याने ग्लोबल इग्नोरमध्ये (आपल्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागणाऱ्या यादीत) टाकावा, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये नको, असं तू म्हणायचास. तत्त्व म्हणून बरोबर आहे रे, पण नवीन आलेली पोरं ग्लोबल सेट करतच नाहीत, म्हणून मी ती ओळ प्रोजेक्टमध्ये टाकलीच आहे. भेटलास की भांड.