मुठीत धरलेली चकती

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आम्ही नातीला घेऊन नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. जन्मली तेव्हा एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम भरलेली ही मुलगी आता सात महिन्यांची आणि सव्वासहा किलोंची झाली आहे. कानटोपी घालून ती माझ्या मांडीवर बसली होती. समोरच्या पाण्यावरून वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा थवा पाय आपटत, पाणी उडवत पळत सुटला आणि त्या आवाजासरशी तिने मान वळवून पहिल्यांदाच खळखळून हसून दाखवले. त्या क्षणी मला तुमची इतकी तीव्र आठवण झाली, की घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी हे पत्र लिहायला बसलो. खरे तर हे पत्र मी सहा महिन्यांपूर्वीच लिहायला हवे होते. पण लिहायला बसलो की डोळे भरून यायचे आणि कागद तसाच राहायचा.

जुलैमधली ती रात्र अजूनही माझ्या अंगावरून गेलेली नाही. मुलीचा रक्तदाब अचानक वाढला, बत्तिसाव्या आठवड्यातच शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढावे लागले, जावई मालवाहू जहाजावर, आणि त्यांना घरी पोहोचायला नऊ दिवस लागणार होते. जिथे बाळाचा जन्म झाला, त्या ठिकाणाविषयी मला फारसे लिहायचे नाही, परंतु एवढे लिहिल्याशिवाय राहवतही नाही, की बाळ श्वास घेते आहे किंवा नाही, हे आम्हाला चार तास कोणीही सांगितले नाही. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करताच ‘बेड नाही, दुसरीकडे बघा’ एवढेच म्हटले. माझी पत्नी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी इथे गर्दी करू नये, असे तिलाच ऐकवण्यात आले. त्यांच्याकडे जागा नसेल, हे मी समजू शकतो. पण ‘बाळ ठीक आहे’ हे शब्द उच्चारायला कोणती जागा लागते?

तिथून तुमच्या नवजात बाळांच्या विभागापर्यंत आम्ही कसे पोहोचलो, तो तपशील इथे नको. मुलगी वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात, पत्नी तिच्यापाशी आणि मी तुमच्या काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर, अशी आमची विभागणी झाली. आत जाता येत नव्हते, पण काचेतून नातीला ऊबेत ठेवलेली काचेची पेटी दिसत होती. पहाटेचे तीन वाजून गेले असतील. तुम्ही तिच्यापाशी आलात, गळ्यातला स्टेथोस्कोप काढलात, आणि तिच्या छातीला लावण्याआधी त्याची चकती आपल्या उजव्या मुठीत घट्ट धरून उभ्या राहिलात. मला वाटले, तुम्ही काही आठवत आहात. मग मूठ उघडून ती चकती तुम्ही स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिलीत, पुन्हा मूठ मिटलीत आणि त्यानंतरच ती बाळाच्या छातीवर ठेवलीत. धातूची ती गार चकती एवढ्याशा जिवाला लागली असती, तर ते दचकले असते. ते दचकू नये, एवढ्यासाठी तुम्ही थांबला होतात.

मी जवळजवळ तीस वर्षे पक्षी पाहतो आहे. या छंदाने मला दुसरे काही शिकवले नसेल, पण आपण पाहिले जात आहोत, हे माहीत नसताना एखादा जीव कसा वागतो, ते न हलता पाहत राहणे शिकवले आहे. माणूस दिसला की पक्ष्याचे वागणे बदलते. तो आपले घरटे टाळून दुसरीकडे उतरतो, चोचीतली अळी तशीच धरून फांदीवर ताटकळतो. म्हणून खरे वागणे पाहायचे तर आडोशाला तासन् तास बसावे लागते. त्या रात्री काचेमागे मी तसाच बसलो होतो. तुम्हाला वाटत होते, की बाहेरचे सगळे झोपले आहेत. तुम्ही नातीनंतर शेजारच्या जुळ्यांकडे गेलात, तिथेही मूठ मिटली. कोपऱ्यातल्या ज्या बाळाला भेटायला दोन दिवसांत कोणीही आलेले नव्हते, त्याच्यापाशीही तुमची मूठ तेवढाच वेळ मिटलेली राहिली. त्या बाळाचे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तिथे तुम्हाला दुवा द्यायलासुद्धा कोणी उभे नव्हते.

चौथ्या दिवशी तुम्ही दार उघडून मला आत बोलावलेत. डॉक्टरांशी बोलणे झाले आहे, बाळ आता स्थिर आहे, तिला कोणाच्या तरी अंगाची ऊब हवी, असे तुम्ही सांगितलेत. मी म्हटले, तिची आई तर अजून उठू शकत नाही आणि बाप समुद्रावर आहे. त्यावर तुम्ही सहज म्हणालात, “मग तुम्ही घ्या ना, आजोबा. शर्टाची बटणं काढा.” सिस्टर, माझी दोन मुले लहानाची मोठी झाली, पण तान्ह्या बाळाला उघड्या छातीशी धरण्याचे काम पुरुषाचे असू शकते, असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. तुम्ही मला हात कोपरापर्यंत धुवायला लावलेत, कलत्या खुर्चीत टेकवलेत, आणि टोपी, मोजे व लंगोट एवढेच घातलेले ते बाळ माझ्या छातीवर उभे ठेवलेत. तिची मान एका कुशीला वळवलीत, हनुवटी किंचित वर उचललीत, पाय बेडकासारखे दुमडलेत, आणि वरून मऊ कापड गुंडाळून गाठ मारलीत. तिचा श्वास माझ्या गळ्याखाली लागत होता, चिमणीच्या पिसाने कोणी तिथे स्पर्श करावा तसा.

या पद्धतीला ‘कांगारू’ म्हणतात, हे तुमच्याकडूनच कळले. नंतर मी वाचले, की कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 साली डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली, की मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर आणि दिवसाचे किमान आठ तास असे अंगाशी धरावे. पक्ष्यांच्या जगात मात्र ही गोष्ट फार जुनी आहे. अंडी उबवण्याच्या दिवसांत अनेक पक्ष्यांच्या पोटावरची पिसे गळतात, तिथली कातडी उघडी पडते आणि तिच्यात रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे अंड्याला थेट अंगाची ऊब मिळते. तुम्ही बटणे काढायला सांगितलीत, तेव्हा मला हेच आठवले होते. आणि कमळपक्ष्यात तर मादी अंडी घालून निघून जाते. पुढचे सव्वीसएक दिवस उबवण्याचे आणि त्यानंतर पिल्ले सांभाळण्याचे सगळे काम नर करतो. निफाडकडच्या एका तळ्यात भर पावसात पिल्लांना पंखांखाली घेऊन बसलेला नर मी अनेक वर्षांपूर्वी पाहिला आहे. त्याच्या पंखांखालून पिल्लांचे लांबलचक पाय बाहेर आलेले होते, आणि पाऊस थांबेपर्यंत तो तसूभरही हलला नव्हता. त्या खुर्चीत मी रोज चार-चार तास बसलो, तो त्याच्याकडे पाहून.

चांगुलपणा म्हटला, की लोकांना मोठी देणगी, मोठा त्याग असे काही डोळ्यांपुढे येते. मलाही तसेच वाटत असे. पण त्या बारा दिवसांत मी पाहिले, की तो दोन-चार सेकंदांचाही असतो. ते सेकंद कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाहीत, त्यांचा पगार मिळत नाही, आणि ते गाळले असते तर तुम्हाला कोणी जाब विचारला नसता. तीस खाटांची धावपळ, रात्रपाळी, दुखणारे पाय, या सगळ्यात तुम्ही ते प्रत्येक बाळाला दिलेत. ज्या खिडकीमागच्या माणसावर मी वर रागावलो, त्याच्यापाशीही तेवढेच सेकंद होते.

एकदा चहा पिताना तुम्ही म्हणाला होतात, की गावी जाताना नांदूर मधमेश्वरची पाटी बसमधून कितीतरी वेळा पाहिली, पण उतरणे कधी झाले नाही. 1986 पासूनचे ते अभयारण्य, 2020 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, आणि तुमच्या वाटेवरची! हिवाळी पाहुणे मार्चपर्यंत थांबतील, तेव्हा त्याआधी सवड मिळाली तर उत्तमच. नाहीतर श्रावणात या, मी तुम्हाला कमळपक्ष्याचा बाप दाखवतो. सुट्टीचा वार कळवावा, सकाळी सहाला घ्यायला येईन. भडक रंगाचे कपडे मात्र नकोत. नात माझ्या मांडीवर असेलच. जास्तीची एक दुर्बीण घरात आहे. तिच्या भिंगांवरची धूळ मी काल पुसली आणि गळ्यात अडकवायचा पट्टा नवा बसवून घेतला आहे.

आपला कृतज्ञ,
पाच नंबरच्या पेटीतल्या बाळाचे आजोबा