आधी टेप हातात देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

मोटरसायकलचा मागचा हवेवरचा शॉकअप काढून साधा स्प्रिंगचा बसवायचा, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. सील गळतं, हवा उतरते, गाडी मागून बसते, तेव्हा बदलणं भागच होतं. पण नवा शॉकअप घ्यायच्या आत तुम्ही आम्हाला मापं घ्यायला लावलीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी सगळेच जुळवतात. दांडा आत किती जातो, हे मोजायला तुम्ही शिकवलंत. चाक १२० मिमी हलतं आणि शॉकअप ४८ मिमी दबतो, म्हणजे गुणोत्तर २.५. शॉकअप नुसता ५ मिमी लांब निघाला तरी गाडी मागून साडेबारा मिमी उचलली जाते आणि हँडल जास्तच चपळ होतं. स्प्रिंगच्या कडकपणाला तर याच गुणोत्तराच्या वर्गाने भागावं लागतं: १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम १६ची उरते. दुसऱ्या गाडीचा शॉकअप लांबीला जुळूनही फसतो तो इथेच.

सगळ्यात मोठं ऋण मात्र स्प्रिंग उतरवून केलेल्या तपासणीचं. गाडी फ्रेमखाली टेका देऊन उभी करायची, स्प्रिंग कंप्रेसरने सोडवायची, बंप रबर (दांड्यावरचा शेवटचा धक्का झेलणारा रबरी तुकडा) बाजूला करायचं, नुसता डँपर (स्प्रिंगशिवायचा शॉकअप) बोल्टात अडकवायचा आणि चाकाखालचा जॅक हळूहळू चढवत जायचा. टायर आणि मडगार्ड, लिंकेज (शॉकअपला जोडणाऱ्या पट्ट्या) आणि फ्रेम यांच्यामध्ये मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचे गोळे ठेवायला सांगितलेत ना, ते फार कामी आले. गोळा चेपून ५ मिमीच्या खाली गेला की ती जागा धोक्याची. चेन सर्वात ताणली जाते ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा) पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आल्यावर. ढील तिथेच बघायची. नंतर बंप रबर आठवणीने परत घालायचं, कारण दबता दबता हवा जशी कडक होत जाते तशी सरळ स्प्रिंग होत नाही, आणि शेवटचा धक्का रबरालाच झेलावा लागतो.

रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत असताना आवळायचे नाहीत, गाडीचं वजन पडल्यावरच आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

सॅगचं, म्हणजे वजनाने गाडी मागून किती बसते याचं, गणित तर तुमच्यामुळेच उलगडलं. माणूस बसल्यावर ३० ते ४० मिमी, रिकामी गाडी १० ते १५. पहिला आकडा जुळला आणि रिकामी गाडी मात्र जराही बसत नसेल, तर स्प्रिंग कडक आहे असं वाटतं. असते ती मऊ, प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) पिळून पिळून उभी केलेली. तिथे प्रीलोड सोडून उपयोग नाही, स्प्रिंगच बदलायची. आणि स्प्रिंग जास्त कडक घेतली की रिबाउंडही (दबलेला शॉकअप परत उघडताना लागणारा अटकाव) वाढवायचा, नाहीतर खड्ड्यानंतर गाडी मागून उसळत राहते.

दादा, हे सगळं तुम्ही हातचं काम बाजूला ठेवून समजावलंत. खूप खूप धन्यवाद.

तुमचेच,
गॅरेजमधले सगळे